फाट्याखालचं रान आणि उत्तरेची बोट

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
२० डिसेंबर १९५७

चि. कुशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आधी हसू आलं, मग संताप आला. हसू गेलं, संताप अजून आहे.

फेब्रुवारीत तुला विलायतेतल्या इस्पितळाच्या नोकरीतून रजा मिळणार आणि त्या रजेत तू घरी येणार नाहीस. नॉर्वे देशाच्या उत्तर टोकाला एक चिमुकली बोट जाते, तिच्यात बसून तू आभाळातला उजेड बघणार! वडील श्रावणात गेले, कुशा. अजून वर्षश्राद्ध व्हायचं आहे. श्राद्धावर माझा विश्वास नाही, हे सारा तालुका जाणतो. पण घरावर माझा विश्वास आहे. आईचं जेवण निम्म्यावर आलं आहे आणि मुलगी परक्या पुरुषांच्या बोटीत उत्तर ध्रुवाकडे निघाली आहे. तिथं काय दिवे लावणार आहेस तू?

आता कामाचं. आपल्या गावात सातवीपुढं शिक्षण नाही. पोरं वडगाव निंबाळकरला पायपीट करतात, पोरी तर घरीच बसतात. गेल्या महिन्यातल्या सभेत मी उभा राहिलो आणि कालव्याच्या फाट्याखालचं आपलं रान हायस्कुलाला देऊन टाकलं. लोक उभे राहिले, कुशा. भूदानाच्या सभांत असं दृश्य मी दुसऱ्यांच्या नावानं पाहिलं होतं, आता आपल्या घराण्याच्या नावानं पाहिलं.

अडचण एवढीच की वडील नव्या कायद्यानंतर गेले. त्यामुळं वारस म्हणून तुझा आणि आईचाही त्या रानात वाटा निघतो. हक्क सोडल्याचा कागद वकिलानं करून दिला आहे, तो सोबत आहे. सही करून उलट टपाली पाठव. बहिणी भावासाठी हक्क सोडतात आणि भाऊ त्यांना जन्मभर चोळीबांगडी करतो, ही आपल्याकडची रीत. ती मी पाळतो आहे. खण आणि हिरव्या बांगड्या वेगळ्या पुडक्यात पाठवल्या आहेत. विधवा बहिणीला हिरव्या बांगड्या पाठवणारा भाऊ या तालुक्यात दुसरा दाखव.

तुझा दादा,
सावळाराम


न्यूकॅसल
३ जानेवारी १९५८

ती. दादांस सा. न.

पुडकं मिळालं. खण चांगला आहे. बांगड्या सगळ्या फुटून आल्या. पंधराव्या वर्षी सासूनं दगडावर आपटून फोडल्या होत्या, या वेळी टपालानं फोडल्या. तुमचा पुरोगामीपणा जरा कापसात गुंडाळून पाठवायला हवा होता.

आता तुमच्या सभेचं. त्याच्याही आधीच्या एका सभेची तुम्हाला आठवण देते. इंदापूरच्या बाजारात, लिंबाखाली, मी पुढच्या रांगेत बसले होते. तुम्ही मूठ आपटून म्हणालात, "बापाच्या मातीत लेकीचा वाटा आहे! जो भाऊ तो नाकारतो तो चोर आहे!" त्या वेळी कायदा यायचा होता. आता आला आहे. तो आल्यावर पहिलं काम तुम्ही काय केलंत? बहिणीचा वाटा बहिणीला न विचारता वाटून टाकलात, वर त्यावर टाळ्या घेतल्यात. चोर निदान टाळ्या घेत नाही.

शाळा व्हावी असं मलाही वाटतं. पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. एक कार्ड टाकून विचारलं असतंत तर काय झालं असतं? विचारायची वेळ आली तेव्हा तुम्ही छापील कागद पाठवलात. त्यात माझ्या सहीची जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवली आहे, जशी अडाणी बाईला अंगठ्याची दाखवतात.

त्या कागदाचं मी परत आल्यावर बघेन. बोटीला मी जाणारच. बोट लहान आहे, पूर्वी ती सीलच्या शिकारीला जायची. आता विद्यापीठातले काही लोक ती भाड्यानं घेतात आणि आमच्यासारखे थोडे हौशी प्रवासी सोबत नेतात. सूर्यावर या साली फार डाग आहेत, जगभरचे शास्त्रज्ञ त्याची मोजमापं घेत आहेत. ध्रुवाकडचा उजेड असा पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही. मी काही शास्त्रज्ञ नाही. मला तो बघायचा आहे म्हणून मी जाते आहे. बाई एवढ्याच कारणासाठी कुठं गेली की तिला विचारतात, काय दिवे लावणार. तुम्ही हैदराबादेपासून नागपूरपर्यंत अधिवेशनं पाहत हिंडलात, तुम्हाला कुणी विचारलं?

आणि त्या उजेडाचं मला प्रथम कुणी सांगितलं, आठवतं? मी नऊ वर्षांची होते, तुम्ही मोटेवर होता. तुम्ही म्हणालात, "कुशे, तिकडं रात्र सरत नाही, म्हणून आभाळच स्वतःला पेटवून घेतं." ते तुम्ही विसरला असाल. तुम्ही बोलता आणि पुढं जाता. ऐकणारी माणसं तिथंच उभी राहतात.

पत्र लिहायचं तर ट्रॉम्सो बंदराच्या पोस्टात लिहा, बोट तिथं थांबते.

कुशा


कोऱ्हाळे बुद्रुक
१८ जानेवारी १९५८

चि. कुशास आशीर्वाद.

चोर! हा शब्द तू मला लिहिलास. तुझ्या सासरच्यांनी तुझे केस उतरवायला न्हावी बोलावला होता, तेव्हा बैलगाडी जुंपून निमगावपर्यंत कोण आलं होतं? भावकीनं वाळीत टाकायची धमकी दिली तेव्हा तुला मिशनच्या इस्पितळात नर्सिंगला कोणी घातलं? "बाटवली पोरगी" असं माझ्या तोंडावर म्हणणाऱ्यांना मी चावडीवर उत्तर दिलं. आज मी गावोगाव सांगतो, माझी विधवा बहीण विलायतेत शेकडो रोग्यांची सेवा करते. हे सांगताना माझी छाती भरून येते. आणि तू?

तू बघायला जातेस. नुसतं बघायला! या देशात पोरींना अक्षर बघायला मिळत नाही, आणि तू आभाळातले रंग बघणार. याला मी चैन म्हणतो. गोऱ्या लोकांच्या मोकळ्या वेळाची चैन. त्यांनी जग लुटलं, आता त्यांना करमत नाही, म्हणून ते शिकारीच्या बोटी रंगवून काळोख बघायला जातात, आणि आमच्या पोरी त्यांच्यामागं लोंबकळतात.

आणखी एक सांगतो, कडू लागलं तर लागू दे. तुला ना नवरा, ना मूल. रान घेऊन तू काय करणार? कुणाच्या नावावर ठेवणार? तुझ्या मागं कोण आहे? त्या रानावर शाळा उभी राहिली तर निदान तुझ्या नसलेल्या पोरांच्या जागी गावची पोरं बसतील. याहून चांगलं त्या मातीचं काय होणार होतं?

नऊ मार्चला कोनशिला बसते आहे. पाहुणे ठरले, मांडव ठरला. त्याआधी सही हवी. नाही आली तर तू शाळेच्या आड आलीस, असं मी उभ्या तालुक्याला सांगेन. मला सांगता येतं, हे तुला माहीत आहे.

सावळाराम


कोऱ्हाळे बुद्रुक
२६ जानेवारी १९५८

कुशे,

मी तुजी आई प्रयागबाई. हे पत्र इस्माईल शिंपी लिवतोय, त्येच्या दुकानात मिशनीपाशी बसून. मी त्याला म्हणलं हाय, मी जे बोलंन ते जसंच्या तसं लिव, पदरचं घालू नगंस, आन माजं गाळू नगंस.

तब्येत बरी हाय. जेवण निम्म्यावर आलंय असं सावळानं कळवलं असंल, तर ते खोटं हाय. दात दुखत हुता.

कागद माज्याफुडं बी आणला हुता. सावळा म्हणला, "आई, हितं अंगठा दे." म्या म्हणलं, कशाला? तर लागला भाषान करायला. समाज म्हणला, उद्याची पिढी म्हणला, अंधार म्हणला. म्या म्हणलं, बाबा, मी एकटीच बसलेय हितं, माज्यावर वरडतोस का? मंग म्हणला, "फाट्याखालचं रान दिलंय." म्या इचारलं, कुणाला इचारून? त्या रानात तुज्या बापाबरुबर म्या धोंडं येचल्यात. ते रान कसं झालं ते मला ठावं. म्या म्हणलं, अंगठ्याला शाई लागली की भाकरीला लागती, आज न्हाय देत. तवापासनं तो माज्याशी बोलंना. घर कसं शांत वाटतंय. इस्माईल, हे लिवू नगंस.

(बहेनजी, सलाम. आईसाहेबांनी काहीही गाळू नको म्हटलं होतं, म्हणून लिहिलं. — इस्माईल)

तू तिकडं आभाळाचा उजेड बगाय जाणार, ते सावळानं मला रागारागानं सांगितलं. मला ऐकून बरं वाटलं. जा बाई. गरम कापडं घाल. तितं आभाळ पेटतं म्हंत्यात, तर त्याची ऊब लागती का, तेवढं कळीव. आन त्यो म्हणतो म्हणून सही करू नगंस, आन मी म्हणते म्हणून बी अडवू नगंस. रान तुजं हाय. तुला काय वाटतं ते तू कर. मला कुणी आजवर असं म्हणलं न्हाय, म्हणून मी तुला म्हणते.

आई


बोटीवरून, ट्रॉम्सो बंदर
१२ फेब्रुवारी १९५८

ती. दादांस सा. न.

हे पत्र आईला वाचून दाखवा. तुम्ही गाळून वाचाल, म्हणून याची नक्कल इस्माईलभाईंच्या पत्त्यावरही पाठवते आहे.

आधी उजेडाचं. बोट एवढी लहान आहे की जेवताना ताट एका हातानं धरावं लागतं. चार दिवस मी उलट्या केल्या. बाहेर काळं पाणी, पांढरे डोंगर, मध्ये कुठंतरी एखाद्या घराची खिडकी. दिवसा थोडा वेळ फिकट ऊन पडतं आणि लवकरच परत अंधारतं. पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं, "आला, आला!" आम्ही सगळे डेकवर पळालो. पाहते तर आभाळात राखी रंगाचा एक पट्टा, गुऱ्हाळाचा धूर वाऱ्यानं लांबवावा तसा. बस्स. एक प्राध्यापक डोळे पुसत होते. मला रडू आलं ते वेगळ्या कारणानं. मनात म्हटलं, हेही दादांच्या सभेसारखंच निघालं, नाव मोठं आणि धूर.

त्या रात्री मी खरंच ठरवलं होतं की तुमचा कागद एकदाचा पाठवून मोकळं व्हावं. आता सांगते, तुम्हाला ठाऊक नाही ते. सही मी न्यूकॅसलमध्येच केली होती. तुम्हाला शिव्या घालणारं पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि त्याच टेबलावर सही केली. पेन्सिलीच्या फुलीवरच. म्हटलं, पोरं शिकतील. तो कागद बॅगेत घेऊनच मी बोटीवर चढले. ट्रॉम्सोहून तो टपालात टाकणार होते.

काल संध्याकाळी बोट ट्रॉम्सोला लागली. पोस्टात तुमचं पत्र होतं, आईचंही होतं. तुमचं मी धक्क्यावर, खांबावरच्या दिव्याखाली वाचलं. "तुला ना नवरा, ना मूल. तुझ्या मागं कोण आहे?" हे वाचत होते आणि माणसं थांबून वर बघायला लागली. मीही वर पाहिलं.

दादा, याचं वर्णन मला जमणार नाही, आणि तुम्हाला ते जमलं असतं याचा मला रागही आला. आधी हिरवं. दांडातून सोडलेलं पाणी वाफ्यात शिरावं, एक वाफा भरला की बांध फोडून दुसऱ्यात, तसं ते आभाळभर शिरत गेलं. आवाज नाही. मग मधूनच सगळं लाल झालं. गुऱ्हाळातल्या चुलवाणाचं झाकण उघडल्यावर जसा तांबडा उजेड तोंडावर येतो तसा तो आला, बर्फ लाल, पाणी लाल, माझे हात लाल. आई, ऊब लागत नाही. अजिबात नाही. एक म्हातारा खलाशी मला म्हणाला, "बाई, याच्याकडे बघून हात हलवू नकोस, शीळ घालू नकोस, तो खाली येऊन माणसाला नेतो." मी मराठीत म्हटलं, "ने बाबा." त्याला कळलं नाही, पण तो हसला.

त्या उजेडाखाली मी तुमचं वाक्य पुन्हा वाचलं. स्वच्छ दिसत होतं. आणि मला समजलं की हक्कसोडीच्या कागदात जी कायद्याची भाषा आहे, तिचा खरा अर्थ हा आहे. जिच्या मागं कोणी नाही तिचं काही नसतं. न्हावी घेऊन आलेली माझी सासू हेच म्हणत होती. तिच्याविरुद्ध तुम्ही बैलगाडी आणली होती. आज गाडी कुठं आहे, दादा?

माझ्या मागं कोणी नाही. मी आहे. तेवढं रानाला पुरतं.

सही केलेला कागद मी पाठवत नाही. तालुक्याला सांगायचं ते खुशाल सांगा. पण नऊ मार्चला, कोनशिलेआधी, ज्या तोंडानं रान दिलंत त्याच तोंडानं भर मांडवात एवढंच बोला: "ही जमीन माझी नाही." बोललात तर शाळेचं पुढं काय ते आपण बघू. नाही बोललात तर वकील मलाही इथून करता येतो.

कुशा


कोऱ्हाळे बुद्रुक
१० मार्च १९५८

कुशा,

तुला हवं होतं ते झालं. आता नाच तुझ्या बोटीवर.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हतो. इस्माईलनं आधीच वाचलं होतं. नुसतं आईला नाही, दुकानात खण शिवायला आलेल्या बायकांनाही. गावातल्या बायका मला बघून तोंडाला पदर लावतात.

काल मांडव भरला होता. वडगाव, निंबूत, पार इंदापुराहून माणसं आली होती. मी रात्रभर झोपलो नव्हतो. तुझ्या धमकीनं नाही. "गाडी कुठं आहे" या एका वाक्यानं. असलं वाक्य मी एखाद्याविरुद्ध वापरलं असतं तर तो माणूस राजकारणातून उठला असता.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बंधूंनो, आज एक सत्य सांगायचं आहे. ही जमीन माझी नाही!"

मांडव कडाडला, कुशा. टाळ्या थांबेनात. मी हात वर केला, म्हणालो, "ऐका, ऐका! मी खरंच सांगतो. ही जमीन माझी कधीच नव्हती. मला ती देण्याचा अधिकार नव्हता!" तशा आणखी टाळ्या. म्हस्कू पैलवान मागून ओरडला, "वा तात्या! जमीन देवाची! पाण्यागत, वाऱ्यागत!" भूदानवाल्यांनी जी वाक्यं सात वर्षं कानावर घातली तीच लोकांना माझ्या तोंडून ऐकू आली. मी सांगू लागलो की माझी बहीण, माझी आई... तर पाहुणे उठून माझ्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "आई-बहिणीसुद्धा त्यागात सामील!" मला हार घातला. द्वारकाबाई सरपंचिणीनं कुंकू लावलं. कोनशिला बसली.

मी पायऱ्या उतरलो. आई मांडवाच्या कडेला बसली होती. ती एवढंच म्हणाली, "सांगितलंस खरं. पण नेहमीच्याच आवाजात सांगितलंस."

तुझी अट पुरी झाली. आता तरी सही पाठव.

सावळाराम


न्यूकॅसल
२१ मार्च १९५८

ती. दादांस सा. न.

पत्र वाचून मी इस्पितळाच्या जेवणघरात मोठ्यानं हसले. मेट्रननं विचारलं, घरी आनंदाची बातमी आहे का? मी म्हटलं, माझ्या भावानं भर सभेत गुन्हा कबूल केला आणि लोकांनी त्याला हार घातला. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

अट पुरी झाली नाही. आईनं सांगितलं तेच कारण. तुम्ही उभे राहता, हात वर करता, आवाज भरता, आणि मग तुम्ही काहीही म्हणा, ऐकणाऱ्याला ते दानच वाटतं. वीस वर्षं तुम्ही लोकांना तेवढंच ऐकायची सवय लावली आहे. तुमच्या तोंडून खरं बाहेर पडायला मांडवाची जागाच चुकीची. जागा मी चुकीची सांगितली, ते माझं.

आता बरोबर सांगते. चावडीत जा. तिथं ध्वनिक्षेपक नाही, व्यासपीठ नाही, तलाठ्याच्या टेबलासमोर बसायला धड बाकही नाही. खाली बसा आणि वारसांची नावं सांगा. माझ्या नावाच्या आधी "विधवा", "त्यागी", "विलायतेतली" असलं काही लावू नका. मी तुमच्या भाषणातलं उदाहरण नाही.

तोवर माझ्याकडून काहीही येणार नाही. हारसुद्धा नाही.

कुशा


कोऱ्हाळे बुद्रुक
१४ एप्रिल १९५८

कुशा,

तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. तू मला भावकीपुढं, कमिटीपुढं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आईपुढं उघडं पाडलंस. मी तुला शिकवलं ते माझ्यावरच चालवलंस. हे मी विसरणार नाही.

तुझं मार्चचं पत्र दोन आठवडे कोटाच्या खिशात ठेवून हिंडलो. पणदऱ्याला सभा होती, विषय जमीनसुधारणा. उभा राहिलो, "बंधूंनो" म्हणालो आणि पुढचा शब्द सुचेना. लोकांना वाटलं तात्यांना उष्मा बाधला. त्यांनी लिंबाचं सरबत आणून दिलं.

परवा चावडीत गेलो. आई म्हणाली, "मी बी येते, तू एकटा गेलास तर परत काय तरी उंच बोलशील." तलाठी नवा आहे, पोरगेलासा. त्यानं फेरफाराचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "वारस कोण?"

मी म्हणालो, "आई प्रयागबाई. बहीण कुशाबाई. मी."

संपलं. याहून लहान भाषण मी कधी केलं नाही. टाळी नाही, खोकला नाही. बाहेर एक गाढव ओरडत होतं तेवढंच.

मग त्यानं लेखणी थांबवली. म्हणाला, "कुशाबाई भ्रतार कोण लावू? बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं." मी म्हणालो, नवरा वारला. तो म्हणाला, "मेलेल्याचं बी चालतं. गणपत लिहू?" गणपत! ज्याच्या घरातून मी तुला गाडीत घालून आणलं, ते नाव आपल्या बापाच्या रानावर! माझ्या तोंडात संपूर्ण स्त्रीजातीच्या गुलामगिरीवरचं व्याख्यान आलं होतं. शपथेवर सांगतो, मी उठून उभाही राहिलो होतो. आईनं माझं धोतर धरून खाली बसवलं आणि तलाठ्याला म्हणाली, "ती माज्या पोटची हाय. तसं लिव." तो म्हणाला, "आजी, पोटाला रकाना नाही." आई म्हणाली, "मंग मोकळं सोड. एवढं मोठं रान तिचं, तिला टेकू कशाला?"

तलाठी माझ्याकडे बघू लागला. मी फक्त म्हणालो, "आई म्हणते तसं." त्यानं मोकळं सोडलं.

गावात आता बोभाटा झाला आहे की विलायतेतल्या बहिणीनं शाळेची जमीन अडवली. म्हस्कू पैलवान म्हणतो, "तात्या, तुमच्या दानाला तुमच्याच घरात खोडा!" मी त्याला म्हणालो, दान नव्हतंच ते, मी चोरी केली होती. तो पुन्हा हसायला लागला. या गावाला माझ्याकडून खरं ऐकायची सवय लागायला वेळ लागेल.

शाळेची कमिटी काल घरी आली. म्हणाले, तात्या, कोनशिला बसली, आता विटा कधी टाकायच्या? मी त्यांना तुझा पत्ता लिहून दिला. सांगितलं, आई मुलीच्या शब्दावर थांबली आहे, जमीन हवी असेल तर त्या मालकिणीला पत्र लिहा आणि मागा. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, आणि जे म्हणेल ते ऐका.

तू नाही म्हणालीस, तर मी तुझ्याविरुद्ध बोलेन. कोऱ्हाळ्यात बोलेन, बारामतीत बोलेन, इंदापूरच्या बाजारात त्याच लिंबाखाली बोलेन. पोरींच्या शाळेआड आलेल्या बाईवर जितकं कडक बोलता येईल तितकं बोलेन, कारण ती शाळा व्हायला हवी, यावर माझा अजूनही तितकाच विश्वास आहे. पण प्रत्येक सभेत पहिलं वाक्य हेच असेल, की रान तिचं आहे.

सावळाराम